माझ्या रहस्यकादंबरीचे वेबसिरीजसाठी हक्क मागितलेत. द्यावेत का, आणि किती पैसे मागावेत?

द्या. पैशाचं नंतर बोलू. आधी तुमच्या कादंबरीत खुनी कशामुळे सापडतो ते एका ओळीत लिहा आणि ती ओळ करारनाम्यात घालून घ्या. मी घातली नव्हती.

मी इचलकरंजीचा, वडील जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून शांततेशी या गावाचं फारसं जमलेलं नाही. आमच्या घराची आणि शेजारच्या कारखान्याची भिंत एकच. रात्रपाळीच्या खडखडाटात आम्ही गाढ झोपायचो, पण लाईट जाऊन माग थांबले की अख्खी गल्ली दचकून उठायची. तान्ही पोरं रडायला लागायची. माझी कादंबरी एवढ्यावरच उभी आहे. चार मागांच्या कारखान्याच्या मालकाचा खून होतो. रात्रपाळीचा एकुलता एक कामगार सांगतो, मी सकाळपर्यंत मागावर होतो. शेजारची म्हातारी जबाबात सहज बोलून जाते, 'अडीचला जाग आली बघा, मग झोपच लागली न्हाई.' फौजदाराला दोन प्रकरणं ते वाक्य छळतं. त्या रात्री लाईट गेलीच नव्हती, मग म्हातारी उठली कशानं?

अंधेरीत बैठक झाली. दिग्दर्शक तिशीचा, बोलायला गोड. 'सर, लूमच्या आवाजात डायलॉग कसे ऐकू येणार?' झालं. कारखान्याचा लोणावळ्याचा बंगला झाला, कामगाराचा ड्रायव्हर झाला आणि म्हातारीच्या जागी आला सीसीटीव्ही. चौथ्या भागात इन्स्पेक्टर फुटेज बघतो, खुनी सापडतो. तपास कसला, नुसतं बटण दाबलं!

मी म्हटलं, अहो, पुस्तकात मला 'आवाज थांबला' असं लिहावं लागतं आणि लिहिलं की तिखट वाचक तिथंच बोट ठेवतो. म्हणून मी ते म्हातारीच्या झोपेत लपवलं. तुम्हाला तर लपवायचीही गरज नाही. तीन भाग खडखडाट चालू ठेवा आणि एकदाच बंद करा. टीव्ही बिघडला म्हणून माणूस रिमोट शोधेल! तो हसला. म्हणाला, 'सर, कादंबरी तुमची, सिरीज आमची.' सही आधीच झाली होती. चहा पिऊन निघालो.

तेव्हा मला हिंदी लेखिका मन्नू भंडारींचा खटला माहीत नव्हता. त्यांच्या 'आपका बंटी' कादंबरीवर बेतलेल्या 'समय की धारा' चित्रपटाविरुद्ध त्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. हक्क विकले तरी मोडतोडीविरुद्ध लेखकाला कॉपीराइट कायद्याच्या कलम 57 खाली दाद मागता येते, असं 1986च्या निकालात आहे. आमच्यासारख्यांनी कोर्टात जाणं अवघड, पण करार करताना हे नाव माहीत असावं. कलम 19 पण वाचा. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, आणि वर्षभरात हक्क वापरले नाहीत तर ते आपोआप सुटतात, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर. ते वेगळं कुठं लिहिलंय ते शोधा. आणि लिहून घ्या की माग हलवायचे नाहीत. तुमच्याकडे माग नसतील तर जे असेल ते.

पटकथाकाराला हात लावूच देऊ नये, असं माझं म्हणणं नाही. म्हातारीचं नाव बदला, फौजदाराला बाई करा, माझी हरकत नव्हती. आणि खरं सांगायचं तर सिरीजमुळेच दुसरी आवृत्ती निघाली, घरावर स्लॅब पडला. सुहास शिरवळकर 2003 साली गेले, त्यांच्या 'दुनियादारी' कादंबरीवरचा सिनेमा आला 2013 ला. विचारणा आपल्या डोळ्यांदेखत आलीय, तर फार ताणू नका.

किती मागावेत ते मात्र दुसऱ्या कोणाला तरी विचारा. त्यांनी पहिला आकडा सांगितला, मी त्यालाच हो म्हटलं होतं.