ट्रेलर घ्यायचा का? आधी रात्री मोजू

प्रश्न: आम्ही डेट्रॉईटजवळ ट्रॉयला राहतो. मी एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर आहे, आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर आहे, घरात पगार एकच. मुलं ९ आणि ६ वर्षांची, दोघांचं सॉकर चालू असतं. फेब्रुवारीतल्या एका प्रदर्शनात आम्ही १९ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर, पाहिला. मुलं बंक बेडवरून खाली उतरायला तयार नव्हती. किंमत २६,००० डॉलर, टॅक्स आणि डीलरची फी धरून २८,७६०. डीलर म्हणतो २,७६० आता भरा, उरलेल्या २६,००० वर १२ वर्षांचं कर्ज ८.९९ टक्क्यांनी, महिना फक्त २९६ डॉलर. आमची २०१९ची व्ही-सिक्स टोयोटा हायलँडर ५,००० पौंड ओढते आणि ट्रेलर रिकामा ३,८०० पौंडांचा आहे. हे 'सेकंड होम' धरलं जातं, व्याज करातून वजा होईल, असंही त्याने सांगितलं. ५०० डॉलर अनामत दिली आहे, शनिवारपर्यंत परत मागता येते. बँकेत १४,००० आहेत, घरखर्च महिना ७,०००, घराचं व्याज आणि स्थानिक कर मिळून वर्षाला २१,५००. एक वर्षाआड जून-जुलैत भारतात जातो, आणि यंदा वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगलीत करायचं आहे. सोसायटीच्या नियमांमुळे घरापुढे ट्रेलर ठेवता येत नाही. बायको म्हणते, वर्षाला पंधरा रात्रीही होणार नाहीत. मी चाळीस धरतो. आणि हौसेला मोल नसतं, असंही मला वाटतं.

उत्तर:

नमस्कार. तुम्ही आकडे लपवले नाहीत, त्यामुळे मलाही आडवळणाने बोलायची गरज नाही. हा ट्रेलर, या कर्जावर, या वर्षी घेऊ नका. ट्रेलरची हौस मात्र अजिबात सोडू नका. मी स्वतः मुलं लहान असताना सात उन्हाळे ट्रेलर ओढला आहे. पहाटे तळ्याकाठी दार उघडून चहा ठेवायचा आणि आतून मुलांच्या झोपेचा आवाज ऐकायचा, याची किंमत मला माहीत आहे. हौसेला मोल नसतं हे खरं, पण ती ज्या वस्तूतून भागवायची तिला मोल असतं, आणि ते महिना २९६ नाही.

आधी कर्ज. २९६ चे १४४ हप्ते म्हणजे साधारण ४२,६००. यात १६,६०० नुसतं व्याज. पाच वर्षांनी, मुलगा चौदा वर्षांचा होऊन आई-बाबांबरोबर कॅम्पिंगला यायला कुरकुर करू लागेल तेव्हा, तुमच्या डोक्यावर अजून १८,४०० चं कर्ज असेल. आणि पाच वर्षं पावसापाण्यात, बर्फात उभा राहिलेला तो ट्रेलर बाजारात निम्म्या किमतीला, म्हणजे १३,००० ला जाईल असं मी धरतो. म्हणजे विकायचा तर ५,४०० डॉलर खिशातून घालून विकायचा. घराच्या कर्जाची सवय झालेल्या आपल्या लोकांना बारा वर्षं काहीच वाटत नाहीत. पण घर सहसा वाढतं, ट्रेलर झिजतो.

आता दरवर्षीचा खर्च मांडतो. पाच वर्षांत किमतीत पडलेली तूट (२८,७६० वजा १३,०००) वर्षाला ३,१५० च्या आसपास. व्याज सरासरी २,०३०. घरापुढे ठेवता येत नाही, म्हणजे उघड्यावरचं स्टोरेज, महिना ७५ धरा, वर्षाचे ९००. विमा ३००. हा विमा टाळू नका. ओढताना दुसऱ्याचं नुकसान झालं तर सहसा गाडीच्या पॉलिसीतलं लायबिलिटी कव्हर कामी येतं, पण ट्रेलर स्वतः आपटला किंवा चोरीला गेला तर त्याची पॉलिसी वेगळी लागते. ऑक्टोबरमध्ये पाइपांतलं पाणी काढून गुलाबी अँटीफ्रीझ भरणं, वसंतात ते धुऊन काढणं, बेअरिंगला ग्रीस, छपराच्या सांध्यांना सीलंट, या सगळ्याचे ४००. टायरसाठी बाजूला १००. ट्रेलरचे टायर झिजून जात नाहीत, वयाने जातात. नक्षी शाबूत दिसली तरी पाच-सहा वर्षांनी बदलावेच लागतात. एवढं धरून वर्षाला साधारण ६,९०० डॉलर, आणि अजून चाकही फिरलेलं नाही. मिशिगनमध्ये ट्रेलरची नंबरप्लेट एकदाच घ्यावी लागते, दरवर्षी नाही, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू.

वहिनी पंधरा म्हणतात, तुम्ही चाळीस. मी तुमच्यासाठी कॅलेंडर घेऊन बसलो. आपल्याकडे मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत २२ वीकेंड मिळतात. दोन मुलांचं सॉकर आहे असं तुम्ही लिहिलंच आहे, त्यात आठ शनिवार गेले. गणपती, मंडळाचे कार्यक्रम, वाढदिवस, कोणाकडे तरी आलेले आई-वडील, यात चार. पाऊस, ताप, ऑफिसची डेडलाइन, तीन. उरले सात, म्हणजे चौदा रात्री. वर एक मोठी सुट्टी, सहा रात्री. झाल्या वीस. आणि एक वर्षाआड जून-जुलैत भारतात जाता, त्या वर्षी दहासुद्धा कठीण. सरासरी पंधरा. वहिनींचा अंदाज माझ्या हिशेबापेक्षा वेगळा निघाला नाही.

पंधरा रात्रींना ६,९०० भागा. एका रात्रीचे ४६०, वर कॅम्पसाइटचे तीस-पस्तीस. तळ्याकाठची चांगली केबिन याच्या निम्म्या पैशांत मिळते. तुमच्या चाळीस रात्री धरल्या तर हाच आकडा १७२ वर येतो, आणि मग बोलण्यासारखं काही आहे. म्हणजे सगळा निर्णय या रात्रींवर लटकलेला आहे, आणि नेमकी तीच गोष्ट तुम्हा दोघांपैकी कोणालाच अजून माहीत नाही.

पेट्रोलचं फारसं मनावर घेऊ नका. ट्रेलर जोडला की मायलेज जवळजवळ निम्म्यावर येतं, पण ट्रॉयहून पिक्चर्ड रॉक्सला जाऊन-येऊन ८०० मैल धरले तरी फरक साधारण शंभर डॉलरचा. त्याने कोणी बुडत नाही.

वजनाने मात्र बुडू शकतं. डीलरने सांगितलेला ३,८०० हा 'ड्राय वेट' आहे, म्हणजे कारखान्यातून निघालेला रिकामा डबा. त्यात पाणी नाही (एक गॅलन ८.३ पौंड, तीस गॅलनची टाकी म्हणजे अडीचशे), बॅटरी नाही, भरलेली प्रोपेनची टाकी नाही, भांडीकुंडी, कुकर, पांघरुणं, सायकली नाहीत. रस्त्यावर तो साडेचार हजारांच्या आसपास जातो. आता त्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार ट्रेलरच्या नाकावर, म्हणजे तुमच्या गाडीच्या हिचवर (मागच्या जोडकडीवर) यायला हवा. त्याला टंग वेट म्हणतात. तो कमी ठेवला तर ट्रेलर मागे शेपटीसारखा हलू लागतो. साडेचार हजारांचे साडेबारा टक्के म्हणजे ५६० पौंड, आणि ५,००० ओढणाऱ्या तुमच्या गाडीच्या हिचची मर्यादा साधारण ५००. नाकापेक्षा मोती जड, अगदी शब्दशः.

आज संध्याकाळी गाडीचं ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर पिवळी पट्टी असलेलं एक स्टिकर आहे. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त नको, असं त्यावर लिहिलेलं असतं. समजा तो आकडा १,३०० आहे. त्यातून टंग वेट ५६० गेलं, तुम्ही चौघं ४२५, हिचचं लोखंड ८०. उरले २३५. कूलर, तंबू, छपरावरचा बॉक्स, मुलांच्या सायकली, एवढ्यात संपलं. मी असे किती तरी हिशेब पाहिले आहेत. पहिल्या उन्हाळ्यात गाडी घाटाला धापा टाकते, दुसऱ्या उन्हाळ्याआधी ५५,००० चा ट्रक दारात येतो, आणि मग २६,००० चा ट्रेलर शेवटी ८०,००० ला पडतो. तुमच्या कर्जाच्या कागदावर हा ट्रक नाही.

आम्ही मॅकिनॉ पुलावरून एकदा वाऱ्यात गेलो. १९५७ साली खुला झालेला, पाच मैलांचा पूल. वारा चढला की उंच वाहनांना, ट्रेलरवाल्यांनाही, ताशी २० मैलांवर सोडतात. वारा आणखी वाढला तर गाड्या थांबवून सोबत देऊन नेतात. आमचा ट्रेलर गाडीच्या ताकदीच्या बराच आत होता, तरी खाली उतरल्यावर पत्नीच्या हाताची बोटं डॅशबोर्डवरून सुटायला वेळ लागला. कागदावर 'बसतंय' आणि पुलावर 'निभावतंय' यांत अंतर आहे, आणि मागच्या सीटवर मुलं असतात.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गोष्ट. बँकेत १४,०००, खर्च ७,०००. म्हणजे दोन महिने. डाउन पेमेंट दिल्यावर दीड. तुम्ही एच-वन-बीवर आहात. नोकरी गेली तर नवीन नोकरी शोधायला किंवा व्हिसाचं स्टेटस बदलायला जास्तीत जास्त ६० दिवस. आय-१४० मंजूर असल्याने ग्रीन कार्डच्या रांगेतली जागा सहसा टिकते, घराचा हप्ता त्याने भरला जात नाही. आणि वाहन उद्योगातल्या नोकऱ्या जातात तेव्हा आपल्या भागात एकाच महिन्यात शेकड्यांनी जातात, हे ट्रॉयमध्ये राहून तुम्हाला मी सांगायला नको. अशा जानेवारीत, गुडघाभर बर्फात, तुमचा ट्रेलर कोण घेणार? शेजारचाही तेव्हा आपला विकायला बसलेला असेल. वर तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगलीत यंदा करायचं आहे. तुमच्या घरी गंगाजळी ४२,००० ची हवी, सहा महिन्यांची. तिच्या आधी ट्रेलर नाही. या एका मुद्द्यावर मी तडजोड सुचवणार नाही.

कराबद्दल दोन वाक्यं. झोपायची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असेल तर ट्रेलर दुसरं घर धरता येतो, डीलर खोटं बोलला नाही. पण ते व्याज फक्त आयटमाइझ करणाऱ्यांना, म्हणजे एकेक खर्च दाखवून वजावट घेणाऱ्यांना उपयोगी, आणि २०२५ साठी जोडप्याचं स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट मिळणारी वजावट, ३१,५०० होतं. तुमचं घराचं व्याज आणि स्थानिक कर मिळून २१,५०० होतात, ट्रेलरच्या पहिल्या वर्षाचं व्याज मिळवलं तरी २४,००० च्या आत. फायदा शून्य.

मग करायचं काय? या उन्हाळ्यात भाड्याने घ्या. आउटडोअर्सी किंवा आरव्हीशेअरवर आपल्या आसपासचे मालक छोटे ट्रेलर देतात. विमा-फी धरून रात्रीला १५० च्या घरात मिळेल असं धरा. पहिल्या वेळी मालकालाच कॅम्पसाइटवर आणून लावून द्यायला सांगा. मुलांना बंक बेड मिळेल, तुम्हाला ओढावं लागणार नाही. दुसऱ्या वेळी स्वतः ओढा, पण ३,००० पौंडांच्या आतला, आणि ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक गाडीतून चालवणारा) बसवूनच. काळी टाकी, म्हणजे शौचालयाची, स्वतः रिकामी करा. पावसात दोन मुलांबरोबर आत सहा तास काढा. पंधरा रात्रींचे साइटसकट २,८०० च्या आसपास होतील. विकत घेतलेल्याचे ७,४००. राहिलेले ४,६०० सरळ गंगाजळीत. स्टेट पार्कांचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं, तेव्हा जुलैच्या जागा आत्ताच बघा. मेमध्ये बघाल तर लेक मिशिगनच्या काठची एकही शिल्लक नसेल.

असे दोन उन्हाळे वीसच्या वर रात्री झाल्या आणि गंगाजळी भरली, तर वापरलेला, हलका, रोखीने घ्या. १६ फुटी फायबरग्लासचे मला आवडतात. मिनेसोटात बॅकस गावी बनणारे स्कॅम्प त्यातले. होडीसारखे दोन अर्धे शेल जोडून केलेले असतात, सांधे कमी, म्हणून गळणं कमी, आणि जुने झाले तरी भाव टिकवतात. चौघांना अडचण होईल, पण तुमची हायलँडर तो आरामात ओढेल. १३,००० ला मिळाला आणि पाच वर्षांनी ९,००० ला गेला असं धरलं तर स्टोरेज, विमा, देखभाल आणि अडकलेल्या पैशावरचं व्याज मिळून वर्षाला ३,००० च्या आसपास पडतो. वीस रात्रींना तो भाड्याच्या बरोबरीला येतो, त्यापुढे स्वस्त.

आणि तो बघायला जाताना पावसानंतरच्या दिवशी जा. आमचा पहिला ट्रेलर, लाकडी चौकटीचा, आम्ही कडक उन्हात बघून घेतला होता. आतून नवा रंग, स्वच्छ पडदे. पहिल्या पावसाळी रात्री मुलाच्या उशाशी भिंत गार लागली म्हणून मी कोपऱ्यात अंगठा दाबला, तर प्लायवूड ओल्या बिस्किटासारखं आत गेलं. आदल्या मालकाने ते झाकलं होतं. दुरुस्तीला त्या काळात २,२०० गेले. तेव्हापासून मी प्रत्येक खिडकीच्या खालचे कोपरे, छपराच्या कडा आणि बाथरूमची जमीन अंगठ्याने दाबून बघतो, बेडखालची कपाटं उघडून वास घेतो. ओलीचा वास पडद्यांनी जात नाही.

शनिवारला तीन दिवस आहेत. अनामत परत हवी असल्याचं डीलरला आज ईमेलने कळवा, फोनवर नको, आणि पावतीचा फोटो जोडा. पाचशे खात्यात आले की त्यातून दोन रात्रींसाठी एक छोटा ट्रेलर मेच्या शेवटच्या आठवड्यात ठरवून टाका. बंक बेडवाला, मुलांसाठी.