कोशर घरात नॅनीची नोकरी: होकार देण्याआधी

साताऱ्याच्या एका आईंनी लिहिलंय: मुलीने बालशिक्षणाची पदविका घेतली, लग्नानंतर ती नवऱ्यासोबत लंडनला आहे, कामाची परवानगीही आहे. गोल्डर्स ग्रीनमधल्या एका ज्यू घरी दोन मुलं सांभाळायचं काम मिळतंय. घर कोशर, म्हणजे ज्यू धर्माचे खाण्यापिण्याचे नियम, पाळणारं. ‘ते सगळं तिला झेपेल का? आणि शिकूनसवरून दुसऱ्यांची पोरं सांभाळायची का?’

ताई, दुसरा प्रश्न आधी घेते. तिथे नॅनी ही रीतसर नोकरी आहे. किमान वेतन, पगारपत्रक, वर्षाला ५.६ आठवडे पगारी रजा हा तिचा हक्क. करार लेखीच हवा. डीबीएस (गुन्ह्यांच्या नोंदींची) पडताळणी आणि बाल-प्रथमोपचाराचा कोर्स करून ऑफस्टेड या तिथल्या शिक्षण-बालसंगोपन तपासणाऱ्या सरकारी संस्थेकडे ऐच्छिक नोंदणी केली, तर पुढचं कामही चांगलं मिळेल.

आता स्वयंपाकघर. मांस आणि दूध एकत्र येत नाही, म्हणून भांडी, सुऱ्या, घासण्या वेगळ्या. कित्येक घरांत सिंकही दोन. मांसानंतर दूध किती वेळाने, हे घरागणिक बदलतं: कुठे सहा तास, कुठे तीन, लहानग्यांना बहुधा सवलत. दुपारी चिकन खाल्लेल्या मुलाने चार वाजता दही मागितलं तर काय करायचं, हे तिने पहिल्याच दिवशी विचारावं.

शाकाहारी म्हणजे कोशर नव्हे, हे आपल्या मुलींच्या लवकर लक्षात येत नाही. तिने आपला डबा त्यांच्या मायक्रोवेव्हमध्ये न विचारता गरम करू नये, आणि मुलाने कितीही हट्ट केला तरी त्यातला घास त्याला देऊ नये. पेसाह या ज्यूंच्या सणात गव्हाचे नेहमीचे पदार्थ वर्ज्य; त्या आठ दिवसांत तर पोळी घरात न्यायचीच नाही. डबीतल्या हिंगातही बरेचदा गव्हाचं पीठ असतं.

एक गोष्ट तिच्या मनाला लागू शकते. काही घरांत गॅस घरच्याच माणसाने पेटवायचा असतो, वाइनच्या उघड्या बाटलीला तिने हात लावलेला चालत नाही. हा नियम ज्यू नसलेल्या प्रत्येकाला आहे, तिची जात किंवा रंग बघून नाही. आपल्याकडे शिवाशिवीने माणसांना फार दुखावलंय, म्हणून हे आधीच सांगते. तरीही तिला सोसवत नसेल तर तिने खुशाल नाही म्हणावं.

चुका होतील. दुधाचा चमचा मटणाच्या पातेल्यात गेला, तर तो धुऊन गुपचूप जागेवर ठेवू नये. बाजूला काढून लगेच सांगावं. घरचे रब्बींना, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंना, विचारून पुढचं ठरवतात. लपवलेलं उघड झालं तर मात्र मुलं तिच्या हाती सोपवायला कुणी धजणार नाही.

ताई, हे लोक तुम्हाला वाटतात तितके परके नाहीत. रायगडच्या किनाऱ्यावरचे बेने इस्राएल हे ज्यूच, आणि ते मराठीच बोलत. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून सुरू होणारा; त्या दिवशी तेलघाणा बंद ठेवत म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत.

तिला आठवडाभराची पगारी चाचणी मागायला सांगा. शुक्रवारी सूर्यास्तानंतर आणि शनिवारी काम असेल का, असल्यास कोणतं, हे करारात लिहून घ्या. आणि घरच्या बाई स्वतः उभं राहून स्वयंपाकघर समजावून देत असतील, तरच होकार द्यावा.