पॅथॉलॉजी एमडी करून इम्युनोलॉजीत संशोधन: नागपुरात राहून जमेल का?

तुम्ही विचारलंय की इंटर्नशिप संपत आलीये, पॅथॉलॉजीत एमडी मिळेल असं दिसतंय, पण ओढा इम्युनोलॉजीच्या, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या, संशोधनाकडे आहे. मग एमडी सोडून थेट पीएचडी करावी का, आणि नागपुरात राहून हे जमतं का.

एमडी अजिबात सोडू नका. पेशी मोजणारे हात प्रयोगशाळेत पुष्कळ मिळतात. नमुना कोणाचा, कुठून घेतला, स्टिरॉइड आधी सुरू झालं होतं का, हे विचारणारा माणूस कमी मिळतो, आणि डॉक्टर संशोधकाची किंमत तिथेच असते. बारुख बेनासेराफ डॉक्टर होते. हार्वर्डच्या पॅथॉलॉजी विभागाचे प्रमुख असताना, १९८० साली, त्यांना प्रतिकारशक्तीचं नियमन करणाऱ्या जनुकांच्या कामासाठी नोबेल मिळालं. आपल्याकडे डॉ. वसंत खानोलकरांनी टाटा मेमोरियलच्या पॅथॉलॉजीतून कॅन्सर आणि कुष्ठरोगावरचं संशोधन उभं केलं.

नागपुरातलं मेडिकल, मेयो किंवा मिहानचं एम्स, कुठेही सीट मिळाली तरी सगळं लक्ष थिसिसवर ठेवा. सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा आराखडा, पहिल्या काही महिन्यांतच मागतात, आणि घाईत बहुतेक जण जुन्या ब्लॉकवरचा (मेणात जपून ठेवलेल्या ऊतींवरचा) सोपा विषय उचलतात. त्यात डिग्री मिळते, संशोधन शिकायला मिळत नाही. ताजा नमुना लागेल असा विषय घ्या. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण भरपूर आहेत. त्यांच्यातली वारंवार होणारी इन्फेक्शन्स आणि पांढऱ्या पेशींचं वागणं हा प्रश्न तुमच्या ओपीडीच्या दारातच आहे. पहिला नमुना घेण्याआधी एथिक्स कमिटीची लेखी मंजुरी हातात हवी. मागच्या तारखेची मंजुरी मिळत नाही आणि तिच्याशिवाय चांगलं जर्नल पेपर घेत नाही.

बहुतेक थिसिस बिघडतात ते नमुना मशीनपर्यंत पोचायच्या आधीच. किडनी बायोप्सीचं उदाहरण घ्या. इम्युनोफ्लुरोसन्सचा (चमकणाऱ्या अँटिबॉडी लावून करायच्या तपासणीचा) तुकडा सलाइनमध्ये किंवा मिशेल माध्यम या जपणाऱ्या द्रावणात यायला हवा. वॉर्डातून दोन्ही तुकडे फॉर्मलिनच्याच बाटलीत आले, तर गोठवून करायची नेहमीची इम्युनोफ्लुरोसन्स तपासणी त्यावर होत नाही. म्हणून दोन बाटल्या वेगळ्या रंगाच्या झाकणांच्या, लेबल लावून, स्वतः वॉर्डात नेऊन ठेवा.

रक्ताचं तंत्र आणखी नाजूक. फायकॉल या दाट द्रवावर रक्त फिरवून लिम्फोसाइटसारख्या पांढऱ्या पेशींचा थर वेगळा करताना रक्त तेवढ्याच बफरने पातळ करायचं, फायकॉलची घनता १.०७७, साधारण ४०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट जोर), ३० मिनिटं, २० अंशांच्या आसपास, आणि सेंट्रिफ्यूजचा ब्रेक बंद. ब्रेक चालू राहिला की थर ढवळतो. रक्त बर्फावर आणलं किंवा २४ तास पडून राहिलं, तर न्यूट्रोफिल या नको असलेल्या पांढऱ्या पेशी त्या थरात शिरतात. मे महिन्यात गडचिरोलीहून नमुना येणार असेल तर साध्या डब्यातही तो तापतो आणि बर्फ घातला तरी बिघडतो. २० ते २२ अंश राखणारे जेल पॅक आणि तापमान नोंदवणारा लॉगर लागतोच. सिकलसेलमध्ये आणखी एक अडचण: केंद्रक असलेल्या लाल पेशी पांढऱ्या पेशींबरोबर येतात आणि मोजणी फुगवतात. फ्लो सायटोमेट्रीत (पेशींवरच्या खुणा लेझरने ओळखून मोजणाऱ्या मशीनवर) पांढऱ्या पेशींची खूण सीडी४५ बरोबर लाल पेशींची खूण सीडी२३५ए लावली तर त्या वेगळ्या काढता येतात.

एमडीनंतर सहायक प्राध्यापक होण्यासाठी वर्षभराची सीनियर रेसिडेन्सी लागते. ती फ्लो सायटोमेट्री रोज चालते अशा विभागातच करा. पीएचडीचा विचार त्यानंतर. परळची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था, पुण्याची एनसीसीएस (राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र), दिल्लीची एनआयआय (राष्ट्रीय इम्युनोलॉजी संस्था) ही ठिकाणं बघा, पण गाइड निवडताना संस्थेच्या नावापेक्षा त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन करून विचारा की पहिला पेपर किती वर्षांनी आला. चंद्रपूरला आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) हिमोग्लोबिनच्या विकारांवरचं केंद्र आहे. सिकलसेलच घेणार असाल तर तिथे आधी बोलून या. नागपुरात राहूनही काम होतं, फक्त महाग मशीन बाहेरचं वापरावं लागतं. तो करार आणि नमुने पाठवायचा खर्च सिनॉप्सिसमध्येच लिहा.

सिनॉप्सिस देण्याआधी एक गोष्ट मात्र नक्की करून बघा. परवानगी आणि संमती घेऊन चार-पाच निरोगी लोकांचं रक्त घ्या, तेच रक्त लगेच, ६ तासांनी आणि २४ तासांनी फायकॉलवर लावा, आणि ट्रिपॅन ब्लूने (फक्त मेलेल्या पेशी रंगवणाऱ्या रंगाने) जिवंत पेशी मोजा. २४ तासांचा आकडा कोसळला, तर बाहेरगावचे नमुने डिझाइनमधून काढा किंवा पेशी तिथेच वेगळ्या करून १० टक्के डीएमएसओत (गोठताना पेशी जपणाऱ्या रसायनात) गोठवून आणायची सोय करा.