केबल ओढणारा मुलगा आणि सीसीएनए

प्रश्न : मुलगा कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत एका सीसीटीव्हीवाल्याबरोबर केबल ओढायला जातो. पुढं सीसीएनए (सिस्को कंपनीची नेटवर्किंगची परीक्षा) करायचंय, त्याला हे उपयोगी पडतं म्हणतो. वायरमनच व्हायचं तर डिप्लोमा कशाला? त्याला थांबवू का? – एक पालक, उचगाव

उत्तर : थांबवू नका, पण तो तिथं नेमकं काय शिकतोय ते मात्र विचारा.

सीसीएनएच्या अभ्यासक्रमात नेटवर्क फंडामेंटल्सला 20 टक्के वजन आहे. केबल आणि इंटरफेसचे प्रकार, एरर, कोलिजन (डेटाची टक्कर), दोन टोकांचा स्पीड-डुप्लेक्स (वेग आणि दोन्ही दिशांनी डेटा जायची पद्धत) न जुळणं, हे सगळं त्यातच येतं. क्लासची पोरं हे पाठ करतात. तुमच्या मुलाच्या ते हाताखालून जातंय.

आज जेवताना त्याला एक विचारा : गिगाबिटला (1000 एमबीपीएसला) केबलमधल्या तारांच्या किती जोड्या लागतात? उत्तर आहे, चारही. 100 एमबीपीएसला दोनच पुरतात, पिन 1, 2, 3 आणि 6. त्यामुळं या दोहोंत नसलेल्या निळ्या जोडीचं क्रिंपिंग (तारा प्लगमध्ये दाबून बसवणं) कच्चं राहिलं तर बऱ्याचदा लिंक गुपचूप 100 वर उतरते. नेट चालू असतं, गिऱ्हाईक ‘स्लो आहे’ म्हणून ओरडतं आणि ठेकेदार राउटर बदलत बसतो. नेटवर्क स्विचवर लिंक स्पीड बघून थेट त्या आरजे-45 प्लगपर्यंत जाणारा पोरगा वायरमन राहत नाही.

दुसरं, स्वस्त टेस्टरचे आठही दिवे ओळीनं लागले म्हणजे केबल पास, असं तो समजत असेल तर टोका. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम सारखाच, पण चुकीचा लावला तरी दिवे ओळीनंच लागतात. पीळ असलेल्या जोड्या मात्र फुटलेल्या असतात आणि सिग्नल एकमेकांत मिसळतात. जोडीचा पीळ टोकाशी 13 मिमीपेक्षा जास्त उलगडायचा नाही, हा नियम त्यासाठीच.

मानकंही त्यानं ठेकेदाराच्या तोंडून शिकू नयेत. तांब्याच्या इथरनेटला एकूण 100 मीटर मिळतात : 90 मीटर पक्की ओढलेली केबल, 10 मीटर पॅचकॉर्ड (टोकांच्या सुट्या केबल). कॅट-6 दर्जाच्या केबलवर 10 गिगाबिट साधारण 55 मीटरपर्यंतच, पूर्ण 100 मीटरला कॅट-6ए लागते. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबलही स्वस्तात मिळते. पीओईचा (डेटा केबलमधूनच वीज घेणारा) कॅमेरा तिच्यावर लांब टाकला की दिवसा ठीक चालतो. रात्री आयआर (इन्फ्रारेड) दिवे लागले, करंट वाढला, व्होल्टेज पडलं, की रिस्टार्ट होत बसतो.

आपल्या कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या फाउंड्र्या तर या विषयाची शाळाच. इंडक्शन फर्नेस आणि मोठ्या विजेच्या मोटारींच्या लाइनींशेजारून तांब्याची डेटा केबल नेली की एरर वाढण्याचा धोका. म्हणून तिथं फायबर (प्रकाशावर डेटा नेणारी केबल). मग एसएफपी (स्विचला फायबर जोडायचं मॉड्यूल) आलं, सिंगल-मोड (लांबच्या अंतराची फायबर) की मल्टी-मोड (जवळच्या) हा प्रश्न आला. हे त्यानं डोळ्यांनी बघावं.

क्लासची मोठी फी आत्ता भरू नका. सीसीएनएच्या परीक्षेला आधीची पात्रता लागत नाही आणि सिस्कोचं पॅकेट ट्रेसर (कॉम्प्युटरवरच नेटवर्क जोडून बघायचं सॉफ्टवेअर) फुकट आहे. (कच्चं क्रिंपिंग त्यात दिसत नाही, ते शिरोलीतच दिसतं!) डिप्लोमाचे विषय मात्र राहता कामा नयेत, डायरेक्ट सेकंड इयर इंजिनिअरिंगचा रस्ता त्यावरच आहे.

पुढच्या सुट्टीत त्यानं ठेकेदाराकडं रॅक लावणं आणि स्विचचं कॉन्फिगरेशन शिकायला मागावं. नुसतीच केबल ओढायला लावत असेल तर दुसरा ठेकेदार बघा. कोल्हापुरात त्यांची वाण नाही.