एथ्नोग्राफीसाठी (लोकांमध्ये राहून, त्यांचं रोजचं वागणं पाहून केलेला अभ्यास) शाळेच्या वर्गात बसते, पण सगळं लिहून होत नाही. नोंदी कशा घ्यायच्या?

सगळं लिहायचं नसतंच. वर्गात छोट्या वहीत फक्त खुणेचे शब्द टिपा: वेळ, कोण कुठे बसलं, कानावर पडलेलं एखादं वाक्य जसंच्या तसं. सविस्तर टिपण त्याच रात्री; तासाभराच्या निरीक्षणाला दोन-तीन तास सहज जातात. उद्यावर ढकललं की मुलांचे शब्द विसरतात आणि तुमचे शब्द त्यांच्या तोंडी येतात.

'मुलं कंटाळली' हा निष्कर्ष झाला. 'मागच्या बाकावरचे तिघं पट्टीने खोडरबर कापत होते' ही नोंद. स्वतःचं मत समासात, वेगळ्या शाईने.

सुरुवातीचे दिवस शिक्षक तुम्हाला तपासणीला आलेले साहेब समजूनच शिकवतात, त्यावर भिस्त नको. मधल्या सुट्टीतली खिचडीची रांग मात्र चुकवू नका, तिथे असा देखावा नसतो. आणि नोंदींतली नावं पहिल्या दिवसापासून बदललेलीच.