‘मी’ नेमका कुठे सुटतो?

प्रश्न : शिमग्याला भावाने थंडाईतून भांग घेतली. पाच मिनिटं त्याला तासासारखी वाटत होती, बोलता बोलता वाक्य हरवायचं आणि ‘मी मलाच लांबून बघतोय’ असं तो घाबरून सांगत होता. हे वेडाचं लक्षण का? (गुहागर)

बहुतेक वेळा नाही. ज्याला आपण ‘मी’ म्हणतो तो एकसंध गोळा नसतो. नुकतं बोललेलं लक्षात धरणं, वेळेचा अंदाज, शरीर आपलं वाटणं, ही वेगवेगळी कामं मेंदूत चालू असतात आणि भांगेने ती एकेक करून सैल होतात. भांगेतलं नशा आणणारं द्रव्य, टीएचसी, पेशींवरच्या ज्या रिसेप्टरना (संदेश घेणाऱ्या जागांना) चिकटतं ते मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात दाट असतात. क्षणापूर्वीचं धरून ठेवणारी जागा तीच, म्हणून वाक्याची सुरुवात शेवटापर्यंत टिकत नाही. स्वतःला बाहेरून बघण्याचा अनुभव भीतीदायक असतो, पण ‘मी भांग घेतली आहे’ हे भावाला कळत होतं. ही जाण शाबूत असणं महत्त्वाचं.

घोटाळा होतो तो दुसऱ्या पेल्याने. प्यायलेली भांग चढायला अर्धा ते दोन तास लागतात, कारण ती पोटातून यकृतात जाते आणि तिथे टीएचसीपासून आणखी एक प्रभावी द्रव्य तयार होतं. पाऊण तासात काहीच होत नाही म्हणून माणूस पुन्हा पितो आणि दोन्ही पेले एकदम अंगावर येतात. वाटलेला पाला तळाशी बसतो, त्यामुळे न ढवळलेल्या पातेल्यातला शेवटचा पेला सगळ्यात जड असतो.

अशा वेळी माणसाला उजेडाच्या, शांत खोलीत बसवा. ओळखीचं एकच माणूस जवळ असू द्या. अधूनमधून नाव, वार, किती वाजले ते सांगा आणि ‘हे उतरणार आहे’ हेही सांगा. साधारण सहा ते आठ तासांत उतरतं, कधी त्याहून उशिरा. तोवर बाइक, होडी, समुद्र बंद. दारू तर अजिबात नको. ग्लानी आली तर कुशीवर निजवा. छातीत दुखलं किंवा हाक मारून जागा होईना, तर दवाखाना गाठा. दुसऱ्या दिवशीही आवाज ऐकू येणं, संशय घेणं चालू राहिलं तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया असेल तर भांगेला हातच लावू नये. आणि महाराष्ट्रात परवान्याशिवाय भांग बाळगणं गुन्हा आहे.

प्रश्न : महाशिवरात्रीला वाहिलेली धोतऱ्याची फळं देवळाबाहेर पडलेली असतात, मुलं ती फोडतात. भांगेसारखीच नशा ना ही? (देवगड)

मुळीच नाही. ही नशा नव्हे, विषबाधा आहे. भांगेत ‘आपल्याला काहीतरी झालंय’ हे कळतं; धोतऱ्यात ते कळणाराच जागेवर राहत नाही. अ‍ॅट्रोपीन, स्कोपोलामीन ही त्यातली द्रव्यं अ‍ॅसिटिलकोलीन या नसांतल्या संदेशवाहक द्रव्याचं काम अडवतात. मूल चादरीवरचे नसलेले दोरे चिमटीने उचलत बसतं, खोलीत नसलेल्या आजीशी बोलतं आणि नंतर त्यातलं फारसं काही त्याला आठवत नाही.

अंगावरच्या खुणा ठळक असतात. जीभ टाळूला चिकटण्याइतकी कोरडी, बाहुल्या इतक्या मोठ्या की भोवतीची तपकिरी कड जेमतेम दिसते, लघवी तुंबलेली. कोकणच्या दमट उन्हात सगळे घामाने निथळत असताना या मुलाचं अंग मात्र तापलेलं आणि कोरडं, हे पाहिलं की शंका घ्यायचीच.

‘झोपला की उतरेल’ म्हणून थांबू नका. धोतऱ्याने आतड्यांची हालचाल मंदावते, बिया पोटात राहतात आणि विष झिरपत राहतं, म्हणून उशिरा पोचलेल्यालाही उपचार लागतात. ओकारी काढू नका, मिठाचं पाणी पाजू नका. १०८ ला फोन करा. दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्र १८००-११६-११७ वर मिळतं. उरलेलं फळ पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. विषाचं प्रमाण झाडागणिक बदलतं, तेव्हा ‘दोनच बिया खाल्ल्या’ हा दिलासा नव्हे. भ्रम एकदोन दिवस राहू शकतो, बाहुल्या त्याहून उशिरा आवळतात.

या बिया मिरचीच्या बियांसारख्या दिसतात. मिरचीची बी पिवळट, गुळगुळीत, तिखट. धोतऱ्याची तपकिरी, खडबडीत, मूत्रपिंडाच्या आकाराची. चव घेऊन ओळखायला जाऊ नका. फळं त्याच संध्याकाळी गोळा करून खोल पुरावीत.

प्रश्न : सुपारी ‘लागते’ म्हणजे काय होतं? (श्रीवर्धन)

धोतऱ्याच्या नेमकं उलट. धोतरा जे रिसेप्टर अडवतो तेच सुपारीतलं अरेकोलीन चाळवतं, म्हणून घाम, लाळ, गरम कानशिलं, गरगरणं. शुद्ध आणि ओळख जागेवर असते. खांड थुंकून टाका, चूळ भरा, बसून राहा. धडधड थांबली नाही तर डॉक्टर. तंबाखू न घालताही सुपारीने तोंडाचा कर्करोग होतो, हे मात्र रोठा सुपारीच्या गावातही स्पष्ट सांगायला हवं.

प्रश्न : किनाऱ्यावरच्या एका शिबिरात ‘आयावास्का’ देणार आहेत, अहंकार विरघळतो म्हणतात. भाचीला डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत. जाऊ द्यावं का? (मालवण)

नको. हा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला काढा आहे, एका वेलीचा आणि एका झुडपाच्या पानांचा. पानांतलं डीएमटी हे भास घडवणारं द्रव्य एरवी पोटातच निकामी होतं. वेलीतलं हार्मीन ते निकामी करणाऱ्या एन्झाइमला रोखतं. विरघळण्याचा अनुभव खरा असतो. आपलं शरीर कुठे संपतं ही सीमा आणि स्वतःची आठवणींतून विणलेली गोष्ट, दोन्ही ढिली पडतात. पण तोच एन्झाइम सेरोटोनिन हे मेंदूतलं संदेशवाहक द्रव्यही मोडतो. डिप्रेशनच्या अनेक गोळ्या सेरोटोनिन वाढवतात, त्यात हा काढा पडला तर ते जिवावर बेतू शकतं : थरथर, ताठरलेले पाय, ताप, आणि इथे मात्र घामाने भिजलेलं अंग.

शिबिरासाठी गोळ्या चार दिवस बंद करणं हा उपाय नाही. फ्लुओक्सेटीन या डिप्रेशनवरच्या औषधाचा अंश शरीरात पाच आठवड्यांपर्यंत राहतो आणि औषध अचानक तोडल्याने आजार उलटू शकतो. शिवाय डीएमटी १९८५च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतं. तरीही ती गेली आणि त्रास झाला, तर दवाखान्यात काढ्याचं आणि गोळीचं, दोन्ही नावं पहिल्याच वाक्यात सांगा. गुन्ह्याच्या भीतीने ‘काहीतरी खाल्लं’ एवढंच सांगितलं, तर डॉक्टर भलतंच औषध देऊन बसतील.