आधी बंदुकीचं, मग पॉलिसीचं बोलू

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "वय ४३, मुक्काम व्हर्जिनिया. पगार वर्षाला १ लाख २० हजार डॉलर. कमावणारा मी एकटा, मुलगी अकरा वर्षांची, घराचं कर्ज ३ लाख ८० हजार. दोन वर्षांपासून नॉर्थ-साउथ स्कर्मिश असोसिएशनच्या (अमेरिकी यादवी युद्धाच्या काळातल्या बंदुकांनी नेमबाजीच्या स्पर्धा घेणारी संस्था) एका संघातून ठासणीच्या बंदुकीने नेमबाजी करतो. माझ्याकडे एक एन्फील्ड मस्केट (लांब नळीची बंदूक) आणि एक रेमिंग्टन रिव्हॉल्व्हर आहे, दोन्ही इटलीत बनलेल्या प्रतिकृती. गुंतवणूक म्हणून आणखी तीन मस्केट आणि डझनभर रिव्हॉल्व्हर घ्यायचं मनात आहे, दहा हजारांच्या आसपास. पैसे आययूएल पॉलिसीवर (शेअर बाजाराच्या निर्देशांकावर व्याज ठरणारा आयुर्विमा) कर्ज काढून उभे करीन, तिच्यात २१ हजार जमलेत. कोणत्या मॉडेलची किंमत जास्त वाढेल? एखादी साताऱ्याच्या घरी भिंतीवर लावायला पाठवायचीही इच्छा आहे."

कोणत्याच मॉडेलची वाढणार नाही. उबेर्ती, पिएत्ता, पेडरसोली हे इटलीतले कारखाने हीच मॉडेलं आजही बनवतात. १९६१ साली अमेरिकी यादवी युद्धाची शताब्दी आली, तेव्हापासून हा धंदा जोरात आहे. कोरी रिव्हॉल्व्हर दुकानात साडेतीनशे-चारशेला मिळत असताना तुमची वापरलेली कोण जास्त देऊन घेईल? युद्धकाळातली अस्सल १८६१ची स्प्रिंगफील्ड मस्केट असती तर गोष्ट वेगळी. कोल्टने १९७१पासून स्वतःच्या नावाने पुन्हा काढलेल्या रिव्हॉल्व्हरना संग्राहक बरे पैसे देतात, पण एकही बार न काढलेल्या आणि मूळ खोक्यासकट असतील तरच. तुम्हाला तर बार काढायचाय.

तुम्ही पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरला मागच्या बाजूने, बार पेटवणारी टोपी बसते त्या निपलभोवती, तपकिरी खड्डे पडलेत. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते. शनिवारी नेम मारून मंगळवारी साफ केलेल्या बंदुकीची अशी गत होते. गरम साबणपाण्यात सिलिंडर बुडवायचा, सडक्या अंड्याचा तो वास येऊ द्यायचा, चिंधी पांढरी निघेपर्यंत नळी घासायची, सुकवून तेल लावायचं, आणि हे सगळं त्याच संध्याकाळी. एका रिव्हॉल्व्हरला तुमचा वेळ पुरलेला नाही, आणि पंधरा आणखी आणायच्या म्हणता. शिवाय घराच्या विमा पॉलिसीत बंदुकांच्या चोरीला बहुधा वेगळी मर्यादा असते, बऱ्याच पॉलिसींत ती २,५०० डॉलरची. तुमची किती आहे ते आधी बघा.

साताऱ्याला काहीही पाठवू नका. अमेरिकेच्या १९६८च्या केंद्रीय कायद्याने अशा प्रतिकृतींना बंदुकीच्या व्याख्येतून वगळलंय, ती सवलत भारतात चालत नाही. आपल्याकडे शेतात रानडुकरं हाकायला ठासणीची बंदूक बाळगणाऱ्या कोकणातल्या शेतकऱ्यालाही शस्त्र कायद्याखाली परवाना काढावा लागतो. भिंतीवरच्या शोभेपायी घरच्या म्हाताऱ्या माणसांना पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढायला लावू नका.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही, ते.

पॉलिसीच्या स्टेटमेंटचं पहिलं पान तुम्ही वाचलंत. दुसरं पान पाठवलंत, पण वाचलेलं दिसत नाही. पहिल्या पानावर खात्यातली रक्कम २१,४००. दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरात, सरेंडर व्हॅल्यू ८,९००. पॉलिसी आज सोडली तर तुमच्या पदरात पडणारा आकडा हा दुसरा आहे, आणि कर्जही याच्यावरच मिळतं, फार तर आठ हजार. म्हणजे ज्या पैशांवर बंदुका घ्यायला निघालात ते पैसे नाहीतच. महिना ८०० प्रमाणे तीन वर्षांत तुम्ही जवळजवळ २९ हजार भरलेत.

तुम्हाला दाखवलेल्या तक्त्यात दरवर्षी साडेसहा टक्के धरलेत, आणि ते कोणीही कबूल केलेले नाहीत. बाजार पडला तर शून्य टक्के, हे खरं. पण वर गेला तर कमाल मर्यादा लागते, लाभांश मिळत नाही, आणि विम्याचा खर्च शून्य टक्क्यांच्या वर्षीही कापला जातो, वयाबरोबर वाढत जातो. एजंट जिला "आपली बँक" म्हणतात, ती म्हणजे आपल्याच पैशांवर व्याज भरून घेतलेलं कर्ज. ते थकत गेलं की एक दिवस पॉलिसीच बंद पडते.

याहून मोठी चूक पत्राच्या शेवटी, एका वाक्यात होती: "त्यांच्या (म्हणजे पॉलिसी विकणाऱ्याच्या) सांगण्यावरून ४०१(के) थांबवलंय." ४०१(के) म्हणजे निवृत्तीसाठी पगारातून कर लागण्याआधी कापली जाणारी बचत. तुमची कंपनी पगाराच्या पाच टक्क्यांपर्यंत तुमच्याइतकीच भर घालते. म्हणजे वर्षाला ६ हजार, तीन वर्षांत १८ हजार, तेही वाढ न धरता. कुठल्याही पॉलिसीने ही भरपाई होणार नाही. पॉलिसी विकणारा ओळखीचा माणूस, मंडळाच्या गणपतीत भेटलेला, म्हणून तुम्ही विश्वास टाकलात. त्याबद्दल तुम्हाला बोल लावणार नाही. पण ज्याने पगारदार माणसाला कंपनीची भर सोडायला लावून ही पॉलिसी गळ्यात मारली, त्याचा सल्ला यापुढे घेऊ नका. तो म्हणेल, दहा वर्षं थांबा, सरेंडर चार्ज, म्हणजे पॉलिसी लवकर सोडली तर कापली जाणारी रक्कम, संपेल. तेवढ्या काळात कंपनीचे ६० हजार बुडतील.

आणि या पॉलिसीतला विमा? ४ लाखांचा. घराचं कर्ज फिटलं की मुलीसाठी उरतात वीस हजार. तब्येत चांगली असेल तर वीस वर्षांची दहा लाखांची टर्म पॉलिसी (नुसता विमा, बचत नाही) महिना शंभर-सव्वाशे डॉलरला मिळायला हवी.

हिशेब सोपा आहे. ४०१(के)त सहा हजार घातले की कर वाचून हातातला पगार फार तर पाच हजारांनी कमी होईल. टर्मचे तेराशे-पंधराशे. झाले साडेसहा हजार. आययूएलचे वर्षाचे ९,६०० सुटले की तीन हजार उरतात. त्यातून दीड-दोन हजार खुशाल नेमबाजीवर खर्च करा. पौंडभर दारूत पंचेचाळीस ग्रेनचे (सुमारे तीन ग्रॅम) दीडशे बार निघतात. गोळ्या घरी ओतल्या तर दारू, शिसं, टोपी मिळून एक बार पन्नास-साठ सेंटला पडतो. वर्षाला पंधराशे बार काढलेत तरी नऊशे डॉलर, वर पेट्रोल आणि विंचेस्टरजवळच्या फोर्ट शेनंडोआच्या, म्हणजे असोसिएशनच्या मैदानाच्या, दोन फेऱ्या. हा छंद तुम्हाला परवडतो. तो आहे त्या एन्फील्डवर आणि त्या एका रिव्हॉल्व्हरवर करा.

सोमवारी ४०१(के) सुरू करा, त्याच आठवड्यात टर्मचा अर्ज भरा. वैद्यकीय तपासणी आणि मंजुरीला महिना-दोन महिने लागतील, तेवढे आययूएलचे हप्ते चालू ठेवा. टर्मची पॉलिसी लागू झाल्याचं पत्र हातात पडेपर्यंत सरेंडरच्या फॉर्मवर सही करू नका.